हृदयाच्या रेषेभोवती

भय ही पैसे मोजून विकत घेण्याची वस्तू आहे काय? प्रश्न वरकरणी विनोदी वाटेल. भय माणसाला रक्षणासाठी लाभले आहे. विस्तवाशी खेळू नये, विहिरीच्या कठड्यावरून वाकू नये, भरतीच्या वेळी खाडीत उतरू नये, हे शहाणपण आपल्याला प्रथम भयानेच शिकवले. ज्यापासून दूर पळायचे त्याच्यासाठी कुणी भर उन्हात तासभर रांगेत उभे राहील, हे आपल्या आज्या-पणज्यांना पटले नसते. तथापि आज जगभर नेमके हेच घडते आहे. रोलर कोस्टर हा जो खेळ मनोरंजन उद्यानांचा मानबिंदू होऊन बसला आहे, तो दुसरे काय विकतो? माणसांनी भरलेला डबा उंच न्यायचा, तेथून तो रुळांवरून खाली सोडायचा, वळवायचा, उलटा करायचा, बसलेल्यांच्या काळजाचा ठोका चुकवायचा आणि अखेर त्यांना सुखरूप जमिनीवर उतरवायचे, एवढाच हा व्यवहार आहे.

या खेळाच्या इतिहासाकडे पाहिले की लक्षात येते, ही केवळ यंत्रांची कथा नव्हे. सुखाला 'पुरे' कधी म्हणावे, हा माणसाचा फार जुना नैतिक प्रश्न येथे लाकडात आणि पोलादात उभा राहिलेला दिसतो.

करमणुकीचा विचार गंभीर माणसाने करू नये, असा एक समज आपल्यात आहे. संत थॉमस अक्वायनस यांना तो मान्य नव्हता. तेराव्या शतकात लिहिलेल्या 'सुम्मा थिओलॉजिका' या ग्रंथात त्यांनी खेळाचा स्वतंत्र विचार केला आहे. ॲरिस्टॉटलला अनुसरून ते म्हणतात की, करमणुकीतही एक सद्गुण असतो. श्रमलेल्या शरीराला जशी विश्रांती, तसा श्रमलेल्या मनाला खेळ. किंबहुना हसण्या-खेळण्याचे पूर्ण वावडे असणे हाही त्यांच्या मते दोषच आहे. मात्र त्यांनी तीन पथ्ये सांगितली आहेत. खेळातील आनंद अश्लील किंवा अपायकारक कृतीत शोधू नये, खेळापायी मनाचा तोल सर्वस्वी ढळू देऊ नये, आणि खेळ हा व्यक्ती, काळ व स्थळ यांना साजेसा असावा. सातशे वर्षांपूर्वीची ही पथ्ये आजच्या पोलादी राक्षसाला लावून पाहण्यासारखी आहेत.

या खेळाचे मूळ रशियातील बर्फात आहे. सतराव्या-अठराव्या शतकात सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात लाकडाचे उंच उतार उभारून त्यांवर बर्फ गोठवीत आणि लोक त्यावरून घसरत. पुढे पॅरिसने ही कल्पना उचलली. १८१७ साली तेथे रुळांना जखडलेल्या चाकांच्या गाड्या उतारावरून धावू लागल्या. आजही फ्रेंच, स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत रोलर कोस्टरला 'रशियन पर्वत' अशा अर्थाचे नाव आहे. गंमत अशी की, खुद्द रशियन माणूस त्याला 'अमेरिकन टेकड्या' म्हणतो. आपल्या वेडाचे पितृत्व दुसऱ्याच्या नावावर लावण्याची माणसाची खोड येथेही सुटलेली नाही.

अमेरिकेतही या खेळाचा जन्म करमणुकीच्या पोटी झाला नाही, श्रमाच्या पोटी झाला. पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक या गावी १८२७ साली डोंगरावरील खाणीतून कोळसा खाली आणण्यासाठी लोहमार्ग बांधला गेला. भरलेल्या वाघिणी आपल्याच वजनाने उतरत आणि रिकाम्या वाघिणी खेचरे ओढून वर नेत. उतरताना ती खेचरेही वाघिणीत बसून येत. पुढे कोळशाला दुसरी वाट मिळाली आणि हा मार्ग केवळ हौशी प्रवाशांसाठी चालू राहिला. ज्या उतारावर कालपर्यंत घाम गळत होता तेथे आता पैसे देऊन किंकाळ्या फुटू लागल्या.

यानंतर रंगमंचावर येतो तो लामार्कस थॉम्पसन. हा विणलेल्या मोज्यांच्या धंद्यात पैसा मिळवलेला, धार्मिक वृत्तीचा गृहस्थ. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर त्या काळी दारूचे गुत्ते, जुगार आणि त्याहून वाईट गोष्टी उघडपणे चालत. लोकांना नुसता उपदेश करून ते तेथून हलणार नाहीत, त्यांना निर्मळ आणि स्वस्त असा दुसरा आनंद द्यायला हवा, असे त्याला वाटले. १८८४ साली त्याने तेथे सुमारे ६०० फूट लांबीची 'स्विचबॅक रेल्वे' सुरू केली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी जेमतेम सहा मैल. माणसे मनोऱ्याच्या पायऱ्या चढून वर जात, बाकावर समुद्राकडे तोंड करून आडवी बसत, आणि हेलकावे खात दुसऱ्या टोकाला पोहोचत. तेथे उतरून पुन्हा दुसऱ्या मनोऱ्यावर चढायचे, की गाडी परत आणी. आज सायकलवरचा पोरगाही ज्या वेगाला हसेल, त्या वेगासाठी लोकांनी गर्दी केली.

थॉम्पसनचा हा विचार मला महत्त्वाचा वाटतो. वाईट सुखाची जागा रिकामी ठेवून भागत नाही, तेथे चांगले सुख आणून बसवावे लागते. व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. परंतु त्याच्या खेळाचे पुढे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. त्याच वर्षी एका प्रतिस्पर्ध्याने गाडी फिरून मूळ जागी आणणारा गोल मार्ग बांधला. १८८५ साली दुसऱ्याने प्रवाशांना बसल्या जागीच यंत्राने वर खेचून नेण्याची सोय केली. वर्षभरात पायऱ्या चढण्याचे कष्ट संपले, आणि कष्टाबरोबर वाट पाहण्याचा आनंदही थोडा कमी झाला. बाक समुद्राऐवजी उताराकडे तोंड करून बसवले गेले.

येथून दोन वाटा फुटल्या. एक वाट अधिक वेगाची आणि अधिक उंचीची. दुसरी वाट दृश्याची आणि कथेची. स्वतः थॉम्पसन दुसऱ्या वाटेने गेला. १८८७ साली अटलांटिक सिटी येथे त्याने 'सीनिक रेल्वे' बांधली. तिच्या बोगद्यांत रंगवलेले देखावे होते आणि गाडी जवळ येताच ते दिव्यांनी उजळत. आजच्या थीम पार्कचे बीज त्या बोगद्यात आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत या कलेतील सारे बदल म्हणजे या दोन वाटांमधील ओढाताण होय.

वेगाच्या वाटेवर पहिला अडथळा आला तो माणसाच्या मानेचा. १८९५ साली कोनी आयलंडवरच 'फ्लिप फ्लॅप' नावाचा मार्ग उघडला. त्यात डबा उलटा होऊन फिरे. वळसा अगदी अचूक वर्तुळाकार होता. भूमितीत वर्तुळ हा परिपूर्ण आकार. पण सरळ मार्गावरून गाडी वर्तुळात शिरली की बसलेल्याच्या देहावर एका क्षणात प्रचंड भार येतो, मान आखडते, इजा होते. लोक दुरावले आणि तो खेळ काही वर्षांत बंद पडला. १९०१ साली लंबगोल वळशाचा दुसरा खेळ आला. तो बराच सौम्य होता, तरी बसणाऱ्यांपेक्षा बघणाऱ्यांचीच गर्दी अधिक होई. मग पाऊण शतक या खेळाच्या कारागिरांनी उलट्या वळशाचा नाद जवळपास सोडून दिला.

तो प्रश्न सुटला १९७६ साली. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी कॅलिफोर्नियातील 'रेव्होल्यूशन' या मार्गासाठी वर्तुळ सोडून अश्रूच्या थेंबासारखा आकार योजला. खाली वळण रुंद, वर निमुळते. त्यामुळे देहावरील भार हळूहळू वाढतो आणि हळूहळू ओसरतो. याच श्टेंगेल यांनी आणखी एक गोष्ट रूढ केली. पूर्वी मार्गाला पीळ देताना रूळ हाच आस मानीत. परिणामी रूळ गुळगुळीत वळे, पण बसलेल्याचे डोके आणि छाती फेकली जाई. श्टेंगेल यांनी आस बदलला. बसलेल्या माणसाच्या हृदयातून एक रेषा जाते असे समजायचे आणि रुळांनी त्या रेषेभोवती फिरायचे. रूळ कितीही वेडेवाकडे दिसोत, हृदय मात्र शांत रेषेत चालावे.

मला हे केवळ तंत्र वाटत नाही. मानवी देहाला रुळाच्या सोयीने वाकवायचे, की रुळांना मानवी हृदयाच्या सोयीने, हा प्रश्न कारखान्यात, शाळेत, कार्यालयात, घरातही पडतो. अक्वायनस यांचे पहिले पथ्य, अपाय नको, हे येथे एका अभियंत्याने गणिताच्या भाषेत पाळले आहे. पूर्णत्वाचे वर्तुळ सोडून माणसाला झेपेल असा आकार शोधण्यात कमीपणा नाही, हाही त्यातला धडा आहे.

आता दुसरे पथ्य, मनाचा तोल. १९८९ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातील सीडर पॉइंट उद्यानात २०५ फूट उंचीचा कोस्टर उभा राहिला. २००० साली तेथेच ३१० फुटांचा आला, २००३ साली ४२० फुटांचा. २००५ साली न्यू जर्सीत 'किंगडा का' ४५६ फुटांवर पोहोचला. साडेतीन सेकंदांत ताशी १२८ मैलांचा वेग, आणि सारा प्रवास मिनिटाभराचाही नाही! २०१० साली अबू धाबीत ताशी २४० किलोमीटर वेगाचा मार्ग उघडला, तेथे डोळ्यांत वाळू जाऊ नये म्हणून चष्मे लावून बसावे लागते. पुढे सौदी अरेबियातील किद्दिया येथे सुमारे १९५ मीटर उंचीचा मार्ग बांधण्यात आला. आणि 'किंगडा का'? २०२४ साली तो कायमचा बंद झाला, २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरुंग लावून त्याचा मनोरा पाडला. अवघ्या वीस वर्षांत जगातील सर्वांत उंच सुखाचे भंगार झाले.

याउलट कोनी आयलंडवरचा लाकडी मार्गाचा 'सायक्लोन' पाहा. १९२७ साली सुरू झाला, उंची ८५ फूट. आजच्या हिशेबाने बुटका. मधल्या काळात मंदी आली, महायुद्ध आले, त्या परिसराला अवकळा आली, तो पाडण्याचाही घाट घातला गेला. लोकांनी तो वाचवला आणि १९८८ साली न्यूयॉर्क शहराने त्याला संरक्षित वास्तूचा मान दिला. 'सर्वांत' या शब्दावर ज्याचे मोल उभे नव्हते, ते टिकले.

येथे सुखाचा एक नियम दिसतो. जे सुख आकड्यांत मोजले जाते, त्याला पुढचा आकडा खाऊन टाकतो. तीनशे फुटांचा आनंद चारशे फुटांची बातमी येताच शिळा होतो, जरी त्याच्या उंचीतून एक इंचही कमी झालेला नसतो. हाच नियम आपल्या लग्नांतील पंगतींना, वाहनांना, घराच्या मजल्यांना आणि मुलांच्या टक्केवारीला लागू आहे. आकड्याला स्वतःची अशी सीमा नसते, ती माणसाला घालावी लागते. तिलाच आपण संयम म्हणतो. संयम म्हणजे सुखाचा द्वेष नव्हे. सुख ज्याचे त्याच्या जागी सुरक्षित ठेवण्याची ती युक्ती आहे.

भयाच्या या व्यवहारात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती म्हणजे विश्वास. बसणारा बेफिकीर ओरडू शकतो, कारण कुणीतरी त्याच्यासाठी फिकीर करीत असते. पहाटे कुणीतरी रूळ तपासलेले असतात, छातीवरचा दांडा ओढून पाहिलेला असतो. एका मार्गावर एकाहून अधिक गाड्या धावतात तेव्हा मार्गाचे भाग पाडलेले असतात आणि पुढचा भाग मोकळा झाल्याखेरीज मागची गाडी यंत्रणाच सोडत नाही. २ जून २०१५ रोजी इंग्लंडमधील आल्टन टॉवर्स उद्यानात, चौदा वेळा उलटा करणाऱ्या 'स्मायलर' या मार्गावर, एक रिकामी गाडी पुढे अडकली होती. यंत्रणेने मागची भरलेली गाडी रोखून धरली. कर्मचाऱ्यांना वाटले, यंत्रणाच चुकते आहे. त्यांनी तिचा अडसर दूर केला आणि सोळा माणसांची गाडी रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. २०१६ साली न्यायालयाने कंपनीला पन्नास लाख पौंडांचा दंड केला. दोष केवळ त्या दिवशी कळ दाबणाऱ्यांचा नव्हता, अशा वेळी काय करावे याची नीट पद्धत व्यवस्थापनाने घालून दिलेली नव्हती, हे या प्रकरणात स्पष्ट झाले.

इतरांचा जीव आपल्या हाती असताना धोक्याच्या सूचनेला 'नेहमीचेच आहे' म्हणून बाजूला सारण्याचा मोह डॉक्टरला होतो, रिक्षाचालकाला होतो, पालकाला होतो. करमणुकीच्या धंद्यातही कर्तव्याला सुट्टी नसते. किंबहुना जेथे लोक आपले भान आपल्या स्वाधीन करतात, तेथे आपण दुप्पट भानावर असले पाहिजे.

तिसरे पथ्य होते व्यक्ती, काळ आणि स्थळ यांचे. उंचच उंच कोस्टरच्या प्रवेशद्वाराशी एक मोजपट्टी असते. तिच्याखालचे मूल आत जाऊ शकत नाही. हृदयविकाराच्या आजोबांना, गरोदर सुनेला मज्जाव असतो. सुरक्षेसाठी हे योग्यच आहे. परंतु परिणाम असा की, एकत्र सहलीला आलेले कुटुंब दारातच फुटते. धाडसी पोरे एका रांगेत, आणि उरलेले सर्वांच्या पिशव्या सांभाळत बाकावर. त्यात आता पैशाचीही मोजपट्टी आली आहे. डिस्नेच्या अमेरिकेतील उद्यानांत १९९९ पासून रांग टाळण्याची जी सोय सर्वांना फुकट होती, ती २०२१ साली बंद होऊन तिच्या जागी पैसे देऊन मिळणारी सोय आली. रांग ही कंटाळवाणी खरी, पण ती सर्वांना समान लेखणारी होती. तेथे साहेबाचा मुलगा आणि शिपायाचा मुलगा एकामागे एक उभे राहत. आता ज्याच्या खिशात अधिक, त्याचा वेळ अधिक मोलाचा, हा धडा मूल खेळता खेळता शिकते.

या संदर्भात नेदरलँड्समधील काट्सह्यूफेल या गावाची हकीकत आपल्या वाचकांना रुचेल. हा चामड्याच्या आणि पादत्राणांच्या धंद्याचा, कष्टकऱ्यांचा प्रदेश. तेथील धर्मग्रामाचे रीट्रा आणि डे क्लाइन या दोन कॅथलिक धर्मगुरूंच्या पुढाकाराने १९३५ साली एक क्रीडा व विहार उद्यान सुरू झाले. गावच्या मुलांना पळायला, खेळायला हक्काची जागा हवी, एवढाच हेतू. पुढे तेथेच एफ्टेलिंग ही संस्था निघाली आणि १९५२ साली चित्रकार आंटोन पीक यांच्या कल्पनेतून तेथे परीकथांचे वन साकारले. त्या वनात मोठ्या तोंडाचा एक जाडजूड खादाड पुतळा आहे. तो सतत कागद मागत असतो आणि मुले आनंदाने केरकचरा वेचून त्याच्या तोंडात टाकतात. स्वच्छतेचा उपदेश करणाऱ्या शंभर पाट्यांचे काम तो एकटा करतो.

एफ्टेलिंगनेही काळाची पावले ओळखली. १९८१ साली तेथे 'पायथन' हा उलटे वळसे घेणारा पोलादी कोस्टर आला. पण परीकथांचे वन त्यासाठी तोडले गेले नाही. २०२० साली तेथे जो नवा जोडमार्ग उघडला, तो उंचीचा विक्रम करण्यासाठी नव्हता. लहान मुलांना घेऊन आईबापांना बसता यावे, असा तो होता. अलीकडे इतर उद्यानांचाही कल काही अंशी इकडे वळतो आहे. उंचीच्या शर्यतीबरोबरच कुटुंबाने मिळून बसण्याचे, गोष्ट सांगणारे मार्ग बांधले जात आहेत. जुने लाकडी मार्ग मोडीत न काढता त्यांच्याच सांगाड्यावर पोलादी रूळ चढवण्याची पद्धतही २०११ पासून रूढ झाली आहे. उलट २०१६ च्या सुमारास प्रवाशांच्या डोळ्यांवर आभासी चित्रांचे चष्मे चढवण्याची जी लाट आली, ती लवकरच ओसरली. चष्मे पुसण्या-बांधण्यात वेळ जाई, हे व्यावहारिक कारण होतेच. पण मला वाटते, शेजारी बसलेल्याचा घाबरलेला चेहरा दिसेनासा झाला की या खेळातले अर्धे सुख संपते.

कारण भयातले सुख हे बहुधा सोबतीचे सुख असते. आपल्याकडे मोत माउलीच्या जत्रेतील आकाशपाळण्यात बसलेल्या बहिणीने भावाचा हात घट्ट धरला, तेव्हाही हेच घडत होते. १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाले, २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका आले, आणि आपल्या शाळांच्या व धर्मग्रामांच्या सहलींची वाट तिकडे वळली. त्यात गैर काही नाही. तरुणाला वेगाची ओढ असणे हे पाप नव्हे. आपण भितो आणि तरीही पुढच्या क्षणाला सामोरे जातो, हा अनुभव धैर्याची बाराखडी ठरू शकतो. मात्र बाराखडी म्हणजे ग्रंथ नव्हे. दांडा छातीशी घट्ट असताना दाखवलेले शौर्य आणि आजारी शेजाऱ्याच्या उशाशी रात्र काढण्याचे शौर्य यांत अंतर आहे, हे मुलाला कधीतरी सांगावे लागेल.

म्हणून सहलीचा बेत आखताना पालकांनी तीन साधे प्रश्न विचारावेत. यात कुणाला अपाय तर नाही? यानंतर साध्या सुखाची चव आपल्याला उरेल ना? आणि आपल्यातील सर्वांत लहान व सर्वांत वृद्ध माणूस त्या दिवशी कुठे बसलेला असेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'पिशव्यांपाशी' असे असेल, तर बेत थोडा बदलावा. एखादा खेळ कमी खेळावा आणि आजीच्या शेजारी बसून हळू चालणाऱ्या गाडीत एक फेरी मारावी. श्टेंगेल यांना रूळ आखताना जे उमगले, ते घर चालवणाऱ्यालाही उपयोगी आहे. वळणे आयुष्यात येणारच, ती कुणाच्या हृदयाभोवती घ्यायची एवढे आपल्या हाती असते.